बॉनेटखालचा शृंगार

जुन्या मोटारगाड्यांचे प्रदर्शन भरले की सामान्य प्रेक्षक गाडीच्या बाह्यांगातच रमतो. चकाकणारे बंपर, वाटोळे दिवे, रुंद पायफळ्या, चामड्याची आसने पाहून तो पुढच्या गाडीकडे वळतो. जाणकाराची चाल निराळी असते. गाडीचा मालक बॉनेट केव्हा उघडतो, याची वाट पाहत तो शांतपणे उभा राहतो. दिल्लीत १९६४ पासून भरत आलेल्या ‘स्टेट्समन’ रॅलीत काय किंवा मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर निघणाऱ्या मिरवणुकांत काय, खरी गर्दी जमते ती उघड्या बॉनेटभोवती. कारण गाडीचा बाहेरचा रंग पैसे मोजून कोणाकडूनही करून घेता येतो. आतले इंजिन मात्र मालकाने त्या गाडीवर किती वेळ आणि किती जीव खर्च केला आहे, ते सांगते.

अशी गाडी बाळगणारे सारेच संस्थानिकांचे वंशज असतात, हा समज आता मागे पडला आहे. मोटारप्रेमींच्या काटेकोर व्याख्येत ‘व्हिंटेज’ म्हणजे साधारणतः १९१९ ते १९३० या काळातील गाडी. परंतु केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून, पन्नास वर्षांहून अधिक वयाच्या व मूळ स्वरूपात जतन केलेल्या खासगी मोटारी आणि दुचाकींना ‘व्हिंटेज’ वाहनाचा दर्जा देऊ केला. या एका नियमाने राजवाड्यांतील रोल्स-रॉइसच्या पंगतीला आजोबांची फियाटही येऊन बसली.

वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याच्या कारखान्यातून काढलेली ही फियाट मराठी घरांच्या विशेष परिचयाची. १९५०च्या दशकातील तिच्या गोलसर अवताराला ‘डुक्कर फियाट’ असे काहीसे अनादराचे, पण प्रेमाचे नाव मिळाले. १९६४ मध्ये ‘११०० डिलाइट’ आली, पुढे तिचीच ‘प्रेसिडेंट’ झाली आणि १९७४ मध्ये ‘पद्मिनी’. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपातील पद्मिनी ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून निवृत्त झाली. पण घरोघरच्या गॅरेजमध्ये, चाळीच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, बंगल्याच्या पोर्चमध्ये तिच्या भगिनी अजून उभ्या आहेत. पद्मिनी या नावाच्या पहिल्यावहिल्या गाड्याही आता पन्नाशी ओलांडू लागल्या आहेत. १०८९ घनसेंटिमीटरचे, चार सिलिंडरचे त्यांचे इंजिन इतके साधे व सुटसुटीत आहे की, घरच्या घरी त्याचे रूप पालटण्याचा मोह हौशी माणसाला होतोच. मोह रास्त आहे. तो कसा पुरा करावा, एवढाच प्रश्न.

आधी आजार, मग अलंकार

इंजिन रंगवण्याच्या कामात रंगाचा वाटा सर्वांत थोडा असतो. पहिले काम आहे ते इंजिनाची प्रकृती तपासण्याचे. टॅपेट कव्हरच्या कडेने तेल पाझरते आहे काय, खालच्या तेलाच्या टाकीचे पॅकिंग ओलसर आहे काय, चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन सारखे आहे काय, हे पाहिल्याशिवाय ब्रश हाती घेऊ नये. तेलकट लोखंडावर रंग धरत नाही, हे तर झालेच. परंतु त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, ताज्या रंगाखाली जुना दोष काही काळ झाकला जातो. ब्लॉकच्या बाजूला बसवलेल्या पत्र्याच्या गोल टोपण्या याचे उत्तम उदाहरण. आपल्याकडे रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी नळाचे पाणी ओतण्याची प्रथा वर्षानुवर्षे चालत आली. त्या पाण्याने या टोपण्या आतून गंजत जातात आणि बाहेरून मात्र धडधाकट दिसतात. गंजाचा एखादा तांबडा ओघळ हीच त्यांची तक्रार. तो ओघळ रंगाखाली गेला की तक्रारही गेली आणि पुढे एखाद्या घाटात इंजिन तापून उभे राहिल्यावरच ती पुन्हा ऐकू येते.

जुनी गाडी विकत घेताना नुकतेच रंगवलेले इंजिन दिसले, तर आनंदण्यापूर्वी थोडा संशय घ्यावा, तो याचसाठी.

तपासणीच्या वेळी आणखी एक शोध घेता येतो. या इंजिनाचा मूळ रंग कोणता होता? जगभरच्या कारखान्यांनी या बाबतीत आपापल्या खुणा ठेवल्या आहेत. १९२७ ते १९३१ या काळात निघालेल्या फोर्डच्या ‘मॉडेल ए’चे इंजिन हिरव्या रंगाचे असे. १९५५ नंतरच्या शेवरलेटच्या व्ही-८ इंजिनांचा नारिंगी रंग प्रसिद्धच आहे. फोर्डने १९६६ पासून निळा रंग स्वीकारला, तर जॅग्वारच्या सुरुवातीच्या ‘ई-टाइप’ गाड्यांचे सिलिंडर हेड सोनेरी असे. फोर्डने १९२६ मध्ये व जनरल मोटर्सने १९२८ मध्ये आपल्या देशात बस्तान बसवल्यामुळे यांतील काही रंग येथील जुन्या बॉनेटखालीही सापडतात. मात्र पुस्तकातल्या रंगापेक्षा आपल्या इंजिनावरचा पुरावा अधिक विश्वसनीय. इंजिनाच्या रबरी पायांमागे, डायनामोच्या पट्टीखाली, पेट्रोल पंपाच्या बुडाशी, म्हणजे जिथे ऊन, ऊब आणि मिस्त्रीचा हात पोहोचलेला नाही अशा जागी, मूळ रंगाचा कपटा बहुधा शिल्लक असतो. तो चिंधीने हलकेच पुसून, दिवसाच्या उजेडात पाहून रंगाच्या दुकानात जुळवून घ्यावा. आपल्याकडील कित्येक गॅरेजवाल्यांना सरसकट चंदेरी रंग फासण्याची सवय आहे. ब्लॉक चंदेरी, हेड चंदेरी, पंप चंदेरी, नळ्याही चंदेरी! अशा इंजिनाकडे पाहून ते इंजिन आहे की देवघरातील समई, असा प्रश्न पडावा.

स्नान

इंजिन गाडीतून उतरवून रंगवणे केव्हाही उत्तम. परंतु त्यासाठी भक्कम आधार आणि चेनपुली लागते. आंब्याच्या फांदीला किंवा शेडच्या वाशाला इंजिन टांगण्याचे धाडस कोणी करू नये. बहुतेक हौशी मंडळी इंजिन जागेवरच ठेवून, आजूबाजूचे भाग सोडवून काम करतात, आणि तसेही ते समाधानकारक होते. इंजिन थंड असावे, बॅटरीच्या तारा काढलेल्या असाव्यात, जागा हवेशीर असावी आणि आसपास विडी-काडी नसावी.

कार्ब्युरेटर उतरवल्यावर उघडे पडणारे तोंड, डिस्ट्रिब्युटरचे भोक, तेल मोजण्याच्या पट्टीची नळी ही सारी द्वारे स्वच्छ कापडाचे बोळे व चिकटपट्टी लावून बंद करावी लागतात. बोळे मोजून घालावेत आणि मोजूनच बाहेर काढावेत. शस्त्रक्रियेनंतर वैद्य कापसाचे बोळे मोजतात, त्यामागे जे कारण आहे तेच येथेही आहे.

मग सुरू होते खरे कष्टाचे काम. तेलाचा आणि धुळीचा मिळून झालेला, खरवसासारखा घट्ट थर आधी लाकडी पट्टीने खरवडून काढावा. त्यानंतर रॉकेल किंवा बाजारात मिळणारे डिग्रीझर आणि ताठ केसांचा ब्रश. पेट्रोलने धुण्याचा आळशी मार्ग अनेकांनी अवलंबला आहे आणि काहींच्या तो अंगाशीही आला आहे. एक ठिणगी पुरते. रॉकेल तेलाचा अंश मागे ठेवते, म्हणून पुढे गरम पाणी व धुण्याच्या पावडरीने एकदा, नव्हे दोनदा धुणे आवश्यक आहे.

येथे एका धोक्याचा उल्लेख विस्ताराने केला पाहिजे. लोखंडी सुटे भाग कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात उकळून स्वच्छ करण्याची पद्धत अनेक वर्कशॉपमध्ये आहे. ओतीव लोखंडाला त्याने अपाय होत नाही. परंतु फियाटच्या या इंजिनाचा ब्लॉक ओतीव लोखंडाचा असला तरी सिलिंडर हेड ॲल्युमिनियमचे आहे. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियमला अक्षरशः खातो. द्रावण फसफसते, ज्वालाग्राही हायड्रोजन वायू निघतो आणि हेडचा गुळगुळीत पृष्ठभाग खड्डे पडून काळा होतो. झालेली झीज रंगाने भरून येत नाही. तेव्हा कोणताही भाग वर्कशॉपमध्ये देताना ‘हे ॲल्युमिनियम आहे’ असे चिठ्ठी लावून सांगितलेले बरे. लोहचुंबक चिकटत नाही, ही घरगुती परीक्षा त्यासाठी पुरेशी आहे.

जुना रंग व गंज काढण्यास तारेचा ब्रश आणि पॉलिश पेपर वापरतात. वाळूच्या फवाऱ्याने लोखंड झटकन उजळते हे खरे, पण वाळूचा एखादा कण तेलाच्या मार्गात शिरला तर बेअरिंगचा नाश ठरलेला. जुळवलेल्या इंजिनावर हा प्रयोग नकोच. त्या काळच्या रंगांत शिसे आणि पॅकिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता लक्षात घेऊन घासण्याचे काम ओले करावे, तोंडाला चांगला मास्क असावा, आणि निघालेला चुरा हवेच्या पाइपने उडवू नये. घरात लहान मुले असतील तर याबाबत कसलीही सवलत घेता येणार नाही.

रंग, ऊब आणि हवा

उघडे पडलेले ओतीव लोखंड वाट पाहत नाही. कोकणपट्टीच्या दमट हवेत धुतलेल्या ब्लॉकवर तासाभरात तांबूस झाक येते. म्हणून पाणी पुसून, ब्लॉक कोरडा करून, थिनरचा शेवटचा हात फिरवला की लगेच पहिला थर चढवावा. पावसाळ्यात हे काम काढूच नये. हवेतील बाष्प ओल्या रंगावर बसून त्यावर पांढरट झाक आणते आणि ती नंतर जात नाही. पाऊस सरल्यावर हवा कोरडी होऊ लागते, तोच काळ योग्य. बरेच जण दसऱ्याची मुदत घालून घेतात. खंडेनवमीला गाडी धुऊन तिला झेंडूचा हार घालायचा, तर इंजिनही सजलेले असावे, ही इच्छा स्वाभाविक आहे. ज्या गावी पाऊस दसऱ्यापर्यंत रेंगाळतो, तेथे मात्र मुहूर्त चुकवून दिवाळीनंतर काम करण्यात शहाणपण आहे.

रंगाची निवड उष्णतेवर ठरते. चालत्या इंजिनात पाण्याचे तापमान साधारणतः ८० ते ९० अंश सेल्सिअस असते. ब्लॉकच्या बाहेरच्या भागाला याहून फार जास्त ऊब सोसावी लागत नाही. तरीही दारे-खिडक्यांचा ऑइल पेंट येथे टिकत नाही, तो पिवळा पडतो आणि तेलाने मऊ होतो. इंजिनासाठी मुद्दाम बनवलेले, २५० अंशांच्या आसपास उष्णता सोसणारे एनॅमल मिळते, तेच घ्यावे. एक्झॉस्ट मॅनिफोल्डची गोष्टच वेगळी. तेथील उष्णता कित्येकशे अंशांवर जाते. त्यावर ६०० अंश सोसणारा सिलिकोनयुक्त रंगच हवा, नाहीतर मॅनिफोल्ड स्वच्छ करून तसेच सोडावे. ब्लॉकचा रंग हौसेने मॅनिफोल्डवर ओढला तर पहिल्याच फेरीत तो जळून, फुगून गळून पडेल.

प्रायमर आणि रंग एकाच जातीचे असणे हे दुसरे पथ्य. ऑइल पेंटच्या थरावर ड्युको मारला की त्यातील तीव्र थिनरने खालचा थर आक्रसून सुरकुततो. थर पातळ असावेत, दोन किंवा तीन. पहिला थर तर इतका पातळ की खालचे लोखंड थोडेसे दिसत राहावे. जाड थर उष्णता अडवतो, ओघळतो आणि नटांच्या कोपऱ्यांत साचून पुढे पाना बसू देत नाही. फवारा नसला तरी बिघडत नाही. चांगल्या, मऊ केसांच्या ब्रशने केलेले काम हातभर अंतरावरून ओळखूही येत नाही. ओतीव लोखंडाचा खडबडीतपणा लांबी भरून गुळगुळीत करण्याचा उद्योग काही मंडळी करतात, तो मात्र अनाठायी आहे. तो खडबडीतपणा कारखान्यातील साच्याच्या वाळूची खूण आहे. ती पुसली की इंजिन खेळण्यातले वाटू लागते.

काय रंगवावे यापेक्षा काय रंगवू नये, याची जाण अधिक महत्त्वाची. रबरी नळ्या, बेल्ट, स्पार्क प्लग यांना रंग लागू देऊ नये, हे सहज समजते. इंजिनाला विजेची अर्थिंग देणारी पट्टी जिथे टेकते तेथील धातू उघडाच हवा, नाहीतर स्टार्टर कुरकुरतो. पाण्याच्या पंपाच्या अंगाला खालच्या बाजूस एक लहानसे भोक असते. पंपाचे सील गळू लागले की पाणी त्यातून बाहेर ठिबकते व मालकाला सूचना मिळते. रंगाने ते भोक बुजले तर तेच पाणी बेअरिंगमध्ये शिरते. यांत्रिक पेट्रोल पंपाच्या खालच्या भोकाचेही तेच. पडदा फाटला तर पेट्रोल तेथून ठिबकून खबर देते, एरवी ते गुपचूप तेलात उतरते. जुन्या यंत्रांची रचना करणाऱ्यांनी अशी भोके काही उगाच ठेवलेली नाहीत.

दागदागिने

रंग वाळला की सजावटीची पाळी येते. येथे हौस आवरणे सर्वांत कठीण. टॅपेट कव्हर, एअर फिल्टरचा डबा, फॅन, नटबोल्ट या साऱ्यांना क्रोमचा मुलामा देऊन झगमगाट करता येतो, पण कारखान्यातून ही गाडी तशी कधी निघालीच नव्हती. नटबोल्टांना जस्ताचा साधा, मंद चमकेचा मुलामा शोभून दिसतो व गंजही रोखतो. जुने बोल्ट टाकून बाजारातले नवे घालण्यापेक्षा, शाबूत असलेले जुनेच मुलामा देऊन पुन्हा वापरावेत. त्यांच्या डोक्यावरचे ठसे हे त्या गाडीच्या वयाचे दाखले आहेत. अपवाद एकच. सिलिंडर हेडचे आणि कनेक्टिंग रॉडचे, प्रचंड ताण सोसणारे बोल्ट मुलाम्याला देऊ नयेत. त्या प्रक्रियेत पोलादात हायड्रोजन शिरून ते ठिसूळ होण्याचा आणि पुढे अचानक तुटण्याचा धोका असतो.

पितळी नळ्या व जोड चिंचेने घासले तरी उजळतात. कार्ब्युरेटरला रंग नको. तो सोडवून, धुऊन, मऊ ब्रशने स्वच्छ केला की त्याची स्वतःची फिकट राखाडी कांती दिसते आणि तीच योग्य. ॲल्युमिनियमचे हेडही रंगाविना, नुसते उजळून ठेवलेले चांगले. फार जुन्या गाड्यांत तारांना कापडी वेष्टन असे. बॉनेटखाली नवीन तारा घालताना तसे वेष्टन मिळाले तर अवश्य घालावे, मात्र जुनी, कडक झालेली तार केवळ ऐतिहासिक म्हणून ठेवू नये. आगीला इतिहासाचे कौतुक नसते.

क्रमांकाची जपणूक

या सगळ्या खटाटोपात एक जागा अशी आहे, जिथे हात अत्यंत हलका हवा. ब्लॉकवर ठोकलेला इंजिन क्रमांक ती जागा. वाहनकर्ज घेतलेल्या प्रत्येकाला चेसिस क्रमांकाचा पेन्सिलने घासून घेतलेला ठसा परिचित असेल. विमा, कर्ज, हस्तांतरण, नोंदणीचे नूतनीकरण अशा प्रसंगी गाडीची ओळख या ठोकलेल्या क्रमांकांवरून पटवली जाते आणि ते नोंदणी पुस्तकाशी जुळावे लागतात. गाडीचा बाह्य रंग नोंदणीत लिहिलेला असतो, इंजिनाचा नसतो. त्यामुळे इंजिन कोणत्याही रंगात रंगवण्यास कायद्याची आडकाठी नाही. पण तारेच्या ब्रशने, ग्राइंडरने किंवा लांबीने क्रमांकाचे अंक पुसट झाले, तर प्रामाणिक मालकावरही नसता संशय ओढवतो आणि पन्नास वर्षांचा निष्कलंक इतिहास कागदावर संदिग्ध होऊन बसतो. काम सुरू करण्यापूर्वी त्या क्रमांकाचे छायाचित्र आणि पेन्सिल-ठसा घ्यावा, जागेवर चिकटपट्टी लावावी, आणि शेवटी तेथे केवळ एक पातळ थर द्यावा किंवा तेल लावून ती तशीच ठेवावी.

२०२१च्या नियमांतही गाडी ‘मूळ स्वरूपात’ असण्यावर भर आहे. चेसिस, सांगाडा किंवा इंजिन यांत मोठा फेरबदल झालेली गाडी व्हिंटेज दर्जाला पात्र ठरत नाही. नव्याने नोंदणी होणाऱ्या गाडीला ‘व्हीए’ या अक्षरांची विशेष मालिका मिळते. त्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये व पुढील नूतनीकरणाचे ५,००० रुपये ठरवले गेले आणि मुदत दहा वर्षांची. आधीच नोंदणी असलेल्या गाडीला आपला जुना क्रमांक राखता येतो. मात्र अशी गाडी नित्याच्या वापरासाठी किंवा व्यवसायासाठी चालवता येत नाही. थोडक्यात, रंग आणि स्वच्छता ही देखभाल. इंजिनाची अदलाबदल हा फेरबदल, आणि त्याला परिवहन कार्यालयाची परवानगी लागते.

पहिली धग

सारे भाग जोडून झाले, बोळे मोजून बाहेर आले, तेल-पाणी भरले की इंजिन सुरू करण्याचा क्षण येतो. हे उघड्यावरच करावे. नव्या रंगाला धूर येतो, वासही उग्र येतो, आणि घरच्या मंडळींचा धीर सुटतो. पण ते अपेक्षितच आहे. सिलिकोनयुक्त रंग तर सुमारे दोनशे अंशांची धग लागल्याशिवाय पक्का होतच नाही. पहिल्या वेळी दहा मिनिटे चालवून इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे, मग वीस मिनिटे, मग अर्धा तास. प्रत्येक वेळी टॅपेट कव्हरचे नट हलक्या हाताने पाहावेत. नवे पॅकिंग उबेने बसते आणि नट किंचित सैल पडतात, पण जोर लावून आवळले तर पत्र्याचे कव्हर वाकते आणि गळती कायमची मागे लागते.

पहिल्या आठवड्यात रात्री गाडीखाली पांढरा कागद अंथरून ठेवावा. सकाळी त्यावर पडलेला एखादा थेंब नेमका कुठून आला, हे आता स्वच्छ इंजिनावर बोट ठेवून सांगता येते. तेलाच्या थराखाली जे वर्षानुवर्षे कळत नव्हते, ते कळू लागते. फिकट राखाडी रंगाच्या इंजिनावर तर तेलाची बारीकशी रेघही लपत नाही.

उरलेला रंग झाकण घट्ट असलेल्या छोट्या बाटलीत भरून, तिच्यावर छटेचा क्रमांक, कंपनी आणि तारीख लिहावी. इंजिन क्रमांकाचा पेन्सिल-ठसा, कामाआधीची व नंतरची छायाचित्रे आणि दुकानाच्या पावत्या गाडीच्या कागदपत्रांबरोबर फाइलला लावाव्यात. पुढच्या वेळी पाना घसरून रंगाचा टवका उडेल, तेव्हा ती बाटली लागणारच आहे.